आत्याचं एक्स्चेंज

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात जगाशी सगळ्यात जास्त आणि गावाशी सगळ्यात कमी संबंध असलेलं माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या आत्याकडं बोट दाखवीन. ती वाशीला राहते, एकटी. शेजारच्या घरातल्या सुनेला दुसरं मूल झालं हे तिला त्या मुलाच्या जावळाच्या जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा कळलं. पण जगाच्या पाठीवर कुठंतरी बसलेली, तिनं कधी न पाहिलेली आठ-दहा यंत्रं आज जागेवर आहेत की नाहीत, हे ती सकाळी चूळ भरायच्या आधी सांगू शकते. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, असेपर्यंत ती दिवाळीला आमच्याकडं धाराशिवला यायची. ते गेल्यावर तेही थांबलं. मग मीच महिन्या-दोन महिन्यांनी वाशीला जायला लागलो.

तरुणपणी ती जिल्ह्याच्या गावी टेलिफोन खात्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड म्हणजे भोकांची फळी, हातात वायरी, आणि अमक्याच्या उमरग्याला तमक्याची मुंबई जोडून द्यायची, हे तिचं काम. पुढं लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले, फळी भंगारात गेली, आणि आत्याची बदली वाशीला बिलं घ्यायच्या खिडकीवर झाली. मग मोबाइल आले आणि खिडकीवरही कुणी येईना. शेवटी तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषणात तिचं नाव चुकीचं घेतलं. घरी आल्यावर मी त्यावर चिडलो, तर ती शांतपणे म्हणाली, "त्यांची काय चूक न्हाय. बोर्डावर आमाला नंबर असायचे."

नोकरी सुटली, पण बोर्ड काही तिच्या अंगातून गेला नाही. आजही तिचा मोबाइल वाजला की ती "हॅलो" म्हणत नाही, "वाशी" म्हणते. तेही एका वेगळ्या, धुतलेल्या मराठीत. "वाशी. बोला. आपल्याला कोण हवंय?" पलीकडं आपलं माणूस आहे हे कळलं की लगेच "आरं तू व्हय, कसा हायस" सुरू होतं. एकदा बँकेचं कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुलीचा फोन आला. आत्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला सांगितलं, "बाई, तुम्ही चांगलं बोलता, पण शब्दाचं शेवटचं अक्षर गिळता. लाइन खराब असली तर तेच पडतं." ती मुलगी म्हणे "थँक्यू मॅडम" म्हणाली. पुढं कधी त्या बँकेचा फोन आला नाही, याचं आत्याला थोडं वाईट वाटलं असावं, कारण तिनं मला हे दोन-तीनदा सांगितलं.

तर ही आत्या निवृत्त झाल्यावर तिनं घराची वरची खोली भाड्यानं दिली. वाशीच्या आसपासच्या माळांवर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या देखभालीला आलेला एक इंजिनियर तिथं राहायला आला. पस्तिशीचा, अबोल, सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातला. आत्याला तो "अत्ते" म्हणायचा. त्याच्या भाषेतही आत्याला अत्तेच म्हणतात, हे कळल्यावर तिनं त्याचं भाडं कधी वाढवलं नाही. आत्या त्याला नावानं हाक मारायची नाही, "इंजिनियर" म्हणायची. त्याच्याबरोबर सामानात भाकरीच्या डब्याएवढी एक काळी पेटी आली होती. ती रात्रंदिवस चालू असायची आणि तिला इंटरनेटची वायर लागायची. आत्याच्या घरी खात्याची जुनी जोडणी होतीच, ती तिनं त्याला वापरू दिली.

त्या पेटीत काय आहे ते मला आत्याकडूनच कळलं, आणि जसं कळलं तसं सांगतो. बिटकॉइन नावाचा जो पैसा आहे, त्याची कुठं बँक नाही की साहेब नाही. कुणी कुणाला किती दिले याची सगळ्या जगाची मिळून एकच नोंद असते. तिची पहिल्या दिवसापासूनची पुरी नक्कल ज्याला वाटेल त्यानं आपल्या घरच्या यंत्रात ठेवायची. नव्या नोंदींचा गठ्ठा आला की तो दुसऱ्याच्या शब्दावर न ठेवता आपण तपासायचा, खरा असला तर लावून घ्यायचा आणि जोडलेल्या यंत्रांकडं पुढं सरकवायचा. अशा यंत्राला नोड म्हणतात. हे केल्याचे पैसे कुणी देत नाही. आत्याला हे समजायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "म्हणजे एक्स्चेंजच की. फक्त मधी साहेब न्हाय."

लॉकडाऊन लागला तेव्हा पवनचक्क्यांवर जाणं बंद झालं आणि खाली आत्या, वर इंजिनियर, असे दोघं त्या घरात अडकले. त्या काळात त्यानं तिला सगळं शिकवलं. आत्या भाकरी करून वर न्यायची आणि तास तास खाली यायची नाही. यंत्र बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी कशी बघायची. ती यादी बघितली आणि आत्या पुन्हा बोर्डावर बसली. यादीत नुसते आकडे असतात, कोण कुठला ते कळत नाही. म्हणून आत्यानं वागणुकीवरून त्यांना नावं ठेवली. सावकाश उत्तर देणारा तो "तहसील". येऊन लगेच तुटणारा तो "जावईबापू". आठवडे आठवडे न हलता बसून राहणारा तो "पाव्हणा". "पाव्हणा दोन दिस दिसला न्हाय," ती मला चहा देताना काळजीनं म्हणायची, "कुठं लाइट गेली आसंल त्याच्याकडं." मी विचारलं, हे लोक एकमेकांशी बोलतात का. ती म्हणाली, "न्हाय. नवीन काय हाय का, एवढंच इचारतेत." मग जरा वेळानं म्हणाली, "तेवढं तरी इचारतेत."

दोनेक वर्षांनी इंजिनियरची बदली गुजरातकडं झाली. जाताना त्यानं पेटी तिलाच दिली. "अत्ते, मला तिकडं नवी घेता येईल. ही चालू ठेवा," एवढंच तो म्हणाला. आत्यानं पेटी खाली आणली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली, कारण घरात तीच जागा थंड होती आणि तिथं प्लग होता. खंडेनवमीला तिनं विळी, शिलाई मशिन आणि पेटी यांची पूजा केली. झेंडूचा असा भरघोस हार घातला की पेटीची हवा जायची भोकंच बुजली, ती तापली आणि बंद पडली. इंजिनियरला गुजरातला फोन गेला. त्यानं काय सांगितलं ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षी आत्यानं पेटीला हार न घालता समोर नुसतं एक फूल ठेवलं.

गावाला याचा वास लागला तो वायर दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडून. आत्याच्या घरी बिटकॉइनचं मशिन आहे, ही बातमी बाजारपेठेत पोचेपर्यंत तिच्या घरात बिटकॉइन छापतात अशी झाली होती. गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली आणि पावतीवर रकमेची जागा तिच्यासाठी मोकळी सोडून अदबीनं उभी राहिली. चुलत घराण्यातले एक काका, ज्यांनी वडिलांच्या दहाव्यालाही तोंड दाखवलं नव्हतं, खव्याची पुडी घेऊन आले आणि "तू एकटी, तुझं पुढं कसं" म्हणून डोळे पुसू लागले. आत्यानं सगळ्यांना एकच सांगितलं: तिच्याकडं एकही बिटकॉइन नाही, कधी नव्हतं आणि घ्यायचंही नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. काका म्हणाले, "पैसा न्हाय तर पैशाचं मशिन कशाला बाळगलंस?" आत्या म्हणाली, "बोर्डावर हुते तवा सगळे फोन काय माझे हुते?" काका खवा ठेवून गेले. नंतर कुणी आलं नाही. श्रीमंतीची अफवा ओसरल्यावर तिच्या दाराशी जी थोडी वर्दळ झाली होती तीही गेली, आणि गावानं तिच्याबद्दल एकच मत कायम केलं, की बाई जरा वेगळी आहे.

वेगळी ती होतीच. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा नव्हता, दिवाही नव्हता, फक्त पेटी होती. चैत्र-वैशाखात लाइट गेली की मी तिथं घामाघूम होऊन बसलेला असायचो, आत्या पदरानं वारा घेत असायची, आणि देव्हाऱ्याखाली पेटी मजेत घूं घूं करत असायची. मी पंखा जोडू का विचारलं, तर म्हणाली, "माणूस घामानं मरत न्हाय."

या सगळ्यात तिला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्या पेटीतला प्रोग्रॅम आपण होऊन बदलत नाही. तिच्या मोबाइलमधली चित्रं, बटणं, रंग रोज उठून बदलायचे आणि तिला त्याचा संताप यायचा. "माझ्या घरात मला न इचारता खुर्च्या हलवतेत," असं ती म्हणायची. पेटीचं तसं नव्हतं. नवी आवृत्ती निघाली की तिची माहिती प्रसिद्ध होते, काय बदललं ते लिहिलेलं असतं, आणि घ्यायची की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जुनी चालते तशी चालत राहते. आत्या ती माहिती इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन वाचायची. त्यातलं तिला किती कळायचं सांगता येत नाही. बरंच कळायचं नाही, हे ती स्वतःच सांगायची. मग इंजिनियरचा फोन यायचा. नवी आवृत्ती आली की तो फोन करायचा, आणि आत्या त्याला बदलामागून बदल विचारत जायची. "हे कशापायी? ह्याच्याबिगर चालत न्हवतं का?" तो हसत समजावून सांगायचा. पटलं तर त्याच्या सांगण्याबरहुकूम ती बदल करायची. वर्षातून दोन-तीनदा हे व्हायचं. ते दिवस तिच्या बोलण्यात सणासारखे यायचे.

मग त्याचे फोन विरळ झाले. त्याचं लग्न झालं, नोकरी बदलली. एकदा आत्यानंच फोन लावला, तेव्हा तो म्हणाला की त्यानं आपली पेटी कधीच विकली, आता वेळ होत नाही. "अत्ते, तुम्ही पण बंद करून टाका आता. कशाला त्रास." आत्या "बरं" म्हणाली. बंद मात्र केली नाही. पुढं कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या आणि तिनं एकही घेतली नाही. मी विचारलं तर म्हणायची, "चाललंय की."

मागच्या वर्षी मात्र पेटी कुरकुरायला लागली. नोंदी वाढत जातात, त्या मावायची जागा संपत आली होती. मी सोलापूरहून मोठी डिस्क आणून दिली. एवढं उघडतोच आहोत तर प्रोग्रॅमही नवा घालू, असं आत्यानं स्वतःच ठरवलं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती कामाला बसली. मी शेजारी बसलो, म्हणजे नुसता बसलो. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर आधीच उतरलं होतं. तिनं नवी आवृत्ती घातली, जुनी डिस्क पुसली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर काहीतरी सरकत होतं, आणि लाइट गेली. तसं घाबरायचं कारण नव्हतं, पण इन्व्हर्टरनं एक बारीक शिटी मारली आणि तोही गेला. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, हे आम्हाला त्या क्षणी कळलं.

लाइट आल्यावर पेटी उठली, पण पडद्यावर एक चौकट आली. नोंदींची मांडणी बिघडली आहे, सगळं पहिल्यापासून तपासून पुन्हा उभं करू का, असं ती विचारत होती. हो किंवा नाही. पहिल्यापासून म्हणजे दोन हजार नऊ साली बिटकॉइन जन्माला आलं त्या दिवसापासून, प्रत्येक नोंद. त्या लहानशा पेटीला याला आठवडेच्या आठवडे लागणार होते, आणि वाशीच्या लाइटीत ते कधी पुरं होईल याची खात्री नव्हती.

आत्या त्या चौकटीकडं बघत बसली. मी म्हणालो, "आत्या, आता पुरे करा. चला माझ्यासंगं धाराशिवला. खोली मोकळीच हाय." हे मी पहिल्यांदा म्हणत नव्हतो. माझ्या बायकोनं ती खोली दिवाळीतच रंगवून घेतली होती आणि खिडकीला पडदेही लावले होते. आत्या एरवी विषय बदलायची. त्या दिवशी बदलला नाही. पेटीकडं बघतच म्हणाली, "बघू. हे उभं ऱ्हायलं न्हाय, तर येते."

मग तिनं "हो" दाबलं.

पुढचे दोन महिने तिचे फोन येत राहिले. नवी बॅटरी मी पाठवून दिली होती. ती टक्केवारी सांगायची नाही, साल सांगायची. यंत्र ज्या सालच्या नोंदी तपासत असायचं ते पडद्यावर दिसायचं. सुरुवातीला ती उत्साहात होती. "आज बारा साल लागलं. पयली वर्षं भराभर जातेत बघ. त्यात काय नसतंच." दोन दिवसांनी, "तेरा लागलं." मग थांबून, "तेराला तुझे वडील हुते." मी हो म्हणालो. त्या साली दिवाळीला ती आमच्याकडं होती आणि वडिलांनी तिला मोटारसायकलवर बसवून तुळजापूरला नेलं होतं, हे दोघांनाही आठवलं. सोळा आलं तेव्हा तिला नोटबंदीत बँकेच्या रांगेत उन्हानं आलेली चक्कर आठवली. पुढची सालं जड होती, नोंदी दाटीवाटीच्या. एकेका सालाला कितीतरी दिवस लागायला लागले. तिची निवृत्ती गेली, तिनं फक्त "ते बी गेलं" एवढंच सांगितलं. मग लॉकडाऊनचं साल लागलं, आणि तिचे फोन थांबले.

चार-पाच दिवस काही आलं नाही तेव्हा मीच फोन केला. "वाशी," ती म्हणाली. मी विचारलं, यंत्र अडकलंय का. "न्हाय, चालू हाय. हळू चाललंय." आवाजात काही दुखणंखुपणं नव्हतं. मी विचारलं, मग फोन का नाही. ती म्हणाली, "बसलीय हितं. बघतीय." आमच्याकडं बायकोनं त्या आठवड्यात खोलीत एक टेबल आणून ठेवलं. आत्याची पेटी ठेवायला लागेल, म्हणाली. पेटी उभी राहिली नाही तरच आत्या येणार होती, याची मी तिला आठवण करून दिली. "असू दे," ती म्हणाली.

एका सकाळी ऑफिसला निघताना फोन आला. "वाशी. झालं." एवढंच. मी रजा टाकली आणि येरमाळ्यावरून वाशी गाठली.

आत्या इस्त्रीचं पातळ नेसून बसली होती. पडद्यावर यादी होती. तिनं मला एकेक ओळ दाखवली. यंत्र बंद होऊन चालू झालं की जोडण्या नव्यानं होतात, त्यामुळं जुन्यांपैकी कुणीच नव्हतं, सगळे नवे आकडे. "ह्यांची नावं अजून ठेवली न्हायत," ती म्हणाली. "जरा वळख होऊ दे." ती खुशीत होती, पण ती खुशी कुठं ठेवावी हे तिला कळत नव्हतं. उठली, पाणी आणलं, पुन्हा बसली. धाराशिवला येण्याचा विषय मी काढला नाही, आणि तो काढायची गरजही उरली नव्हती.

मग ती म्हणाली, "इंजिनियरला सांगते." पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. तो मलाही ऐकू येत होता. हा क्रमांक आता सेवेत नाही. आत्यानं मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, इंग्रजीत ऐकलं. बंद करून पुन्हा लावला, आणि पुन्हा तिन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन मांडीवर ठेवला.

"आवाज चांगला हाय बाईचा," ती म्हणाली. "पर तिला कुणी शिकवलं न्हाय वाटतं. नंबर तुटलाय हे आसं लगेच सांगायचं नसतं. आमी आधी ‘एक मिनिट थांबा हं’ म्हणायचो. बघतोय आसं दाखवायचं. तेवढ्यात माणूस आपली तयारी करतो."

जेवतोस का, तिनं विचारलं. मी जेवून निघालो होतो, तरी हो म्हणालो. तिनं भाकरी टाकल्या. मी जेवताना ती समोर बसली आणि नव्या आवृत्तीत काय काय बदललं आहे ते सांगू लागली. मी मधे मधे, हे कशासाठी, असं विचारत राहिलो.

आता नवी आवृत्ती निघाली की ती मला फोन करते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तिलाही काही ठिकाणी शंका असते, आणि आमच्या दोघांत ती फेडणारं कुणी नाही. तरी ती एकेक बदल वाचून दाखवते आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकतो. वाचून संपतं. मग दोघांकडंही बोलायला काही नसतं. ती फोन ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही. मागं पेटीची घरघर थोडी ऐकू येत असते.